पथ्य म्हणजे उपास नव्हे : गरोदरपणातील मधुमेह आणि आहार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातव्या महिन्यातील एक पहिलटकरीण दवाखान्यात आली होती. ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासलेली तिची रक्तातील साखर १६८ निघाली. बाहेर रुग्णांची गर्दी होती. मी घाईघाईने सांगितले, "साखर वाढली आहे. गोड बंद, भात बंद, बटाटा बंद. पंधरा दिवसांनी परत ये." तिने मान हलवली आणि ती गेली.

ती आली तीन आठवड्यांनी. जेवणानंतर दोन तासांची साखर १०४. मला बरे वाटले. "छान पथ्य पाळलंस," असे मी म्हणालोही. तेवढ्यात सिस्टरने वजन सांगितले. ते दोन किलोंनी उतरले होते. ज्या दिवसांत वजन वाढायला हवे, त्या दिवसांत ते घटले होते. लघवी तपासली तर तीत कीटोन सापडले. मी विचारले, "दिवसभरात खातेस तरी काय?" ती म्हणाली, "सकाळी बिनसाखरेचा चहा. दुपारी अर्धी भाकरी आणि भाजी. रात्री नुसतं ताक. डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना, सगळं बंद म्हणून!"

चूक तिची नव्हती, माझी होती. काय बंद करायचे ते मी सांगितले. काय खायचे, किती आणि केव्हा खायचे, हे सांगितलेच नाही. साखर खाली आली होती ती पथ्याने नव्हे, उपासमारीने. माणूस उपाशी राहिला की शरीर साठवलेली चरबी जाळू लागते. त्यातून कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात आणि लघवीवाटे बाहेर पडू लागतात. गरोदर बाईच्या लघवीत ते वरचेवर सापडणे बाळासाठी चांगले नाही. म्हणून आजच्या लेखात "बंद" पेक्षा "खा" हा शब्द अधिक वेळा येणार आहे.

हा मधुमेह होतो कशाने?

आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होते आणि ती रक्तात येते. ती पेशींमध्ये पोहोचवण्याचे काम स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन करते. गरोदरपणी वारेतून काही संप्रेरके तयार होतात. बाळाला पुरेशी साखर मिळावी म्हणून ही संप्रेरके आईच्या इन्सुलिनचा जोर थोडा कमी करतात. हा निसर्गाचाच बेत आहे. बहुतेक बायकांचे स्वादुपिंड अशा वेळी जास्त इन्सुलिन तयार करून तोल सांभाळते. ज्यांना ते जमत नाही त्यांची साखर वाढते. यालाच गरोदरपणातील मधुमेह म्हणतात. वार जसजशी मोठी होते तसा हा ताण वाढतो. त्यामुळे तो बहुधा सहाव्या-सातव्या महिन्यात उघडकीस येतो.

यात त्या बाईचा काही दोष नसतो. "गोड फार खाल्लं म्हणून झालं," असे तिला घरात ऐकवू नये. आई-वडिलांना मधुमेह असणे, वजन जास्त असणे, वय तिशीच्या आसपास किंवा पुढे असणे, आधीचे बाळ फार वजनदार असणे, या गोष्टी असल्यास शक्यता वाढते. पण आपल्याकडे सडपातळ आणि तरुण मुलींनाही तो होतो. म्हणून चेहरा किंवा अंगकाठी पाहून अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करू लागते आणि बाळावर चरबी चढते. असे बाळ अंगाने मोठे होते; बाळंतपणात खांदे अडकण्याचा धोका असतो, सिझेरियनची शक्यता वाढते. जन्मल्यावर आईकडून येणारी साखर एकदम थांबते, पण बाळाचे जादा इन्सुलिन काम करतच राहते. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर फार खाली जाऊ शकते. आईला रक्तदाब वाढण्याचा आणि गर्भजल जास्त होण्याचा त्रास होऊ शकतो. "बाळ गुटगुटीत आहे" म्हणून नेहमीच आनंद मानण्यासारखे नसते, ते यासाठी.

आणि हे सारे बऱ्याच अंशी टाळता येते. २००५ साली मुख्यतः ऑस्ट्रेलियातील १००० गरोदर स्त्रियांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर आहार, साखरेची तपासणी आणि गरज पडल्यास इन्सुलिन असे उपचार झाले, त्यांच्या बाळांमध्ये गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण १ टक्का होते. ज्यांच्यावर असे खास उपचार झाले नाहीत, त्यांच्यात ते ४ टक्के होते.

तपासणी कशी करतात?

या मधुमेहात बहुधा काहीही जाणवत नाही. त्यामुळे प्रत्येक गरोदर स्त्रीची तपासणी व्हायला हवी. सरकारी पद्धत सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मि.लि. पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, तर गरोदरपणातील मधुमेह समजायचा. यासाठी उपाशीपोटी असण्याची गरज नाही. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. काही ठिकाणी उपाशीपोटी आणि नंतर असे तीन वेळा रक्त घेतात. त्या पद्धतीचे आकडे वेगळे असतात. ते आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावेत.

पहिली तपासणी दिवस राहिल्यावर पहिल्या भेटीतच करावी. ती चांगली आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावी. ही दुसरी तपासणी बऱ्याच जणी चुकवतात आणि नेमकी साखर तेव्हाच वाढलेली असते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते, हे २०१६ पासून सुरू आहे. त्या दिवशी साखरेची तपासणी आठवणीने मागून घ्यावी.

दोन जिवांचे खाणे किती?

"आता तू दोन जिवांची, दुप्पट खा," असे घरोघरी म्हणतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे ३५० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे साधारण एक भाकरी, एक वाटी वरण आणि अर्धा कप दूध. बस्स, एवढेच. दुप्पट नव्हे, पण कमीही नव्हे.

साखर वाढली म्हणून हे अन्न कमी करायचे नाही, त्याची वाटणी बदलायची. पाटाचे पाणी एकदम सोडले तर वाफा फुटतो. थोडे थोडे सोडले तर पीक भिजते. जेवणाचेही तसेच आहे. दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी तीन बेताची जेवणे आणि मध्ये तीन छोटी खाणी घ्यावीत. आपल्या भागातल्या घरात सहज जमेल असा एक दिवस पुढे देत आहे.

सकाळी ७ वाजता : एक कप बिनसाखरेचे दूध.

८.३० वाजता न्याहारी : मुगाची दोन लहान धिरडी, किंवा भाज्या घातलेले एक थालीपीठ आणि वाटीभर दही, किंवा एक चपाती आणि एक-दोन उकडलेली अंडी. सकाळच्या वेळी इन्सुलिनचा जोर सर्वांत कमी पडतो. म्हणून न्याहारीला नुसते पोहे, उपमा, पाव, बिस्किटे किंवा टोस्ट नकोत. पोहे खायचेच झाले तर बेताचे घ्यावेत. त्यात मटार, शेंगदाणे भरपूर घालावेत आणि सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ घ्यावी.

११ वाजता : एक फळ. पेरू, संत्रे, मोसंबी, सफरचंद यांपैकी एक. फळ चावून खावे, रस काढू नये.

१ वाजता जेवण : तळहाताएवढ्या दीड भाकऱ्या किंवा तीन लहान फुलके, एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, दोन वाट्या भाजी, वाटीभर कोशिंबीर आणि ताक. मांसाहार करणाऱ्यांनी उसळीऐवजी अंडी, मासे किंवा चिकन चांगले शिजवून घ्यावे.

४.३० वाजता : मूठभर फुटाणे किंवा वाटीभर उकडलेली कडधान्ये.

८ वाजता जेवण : दुपारसारखेच, एक भाकरी किंवा दोन फुलके.

झोपताना : एक कप दूध, साखर न घालता. रात्रभर पोट रिकामे राहून सकाळी कीटोन होऊ नयेत, यासाठी हे टाळू नये.

हा नमुना आहे. वजन, काम आणि साखरेचे आकडे पाहून यात फरक करावा लागतो. पण तीन गोष्टी सर्वांनाच लागू आहेत.

पहिली गोष्ट, भाकरी-चपाती-भात हे एकाच घरचे आहेत. ज्वारीत चोथा असतो म्हणून भाकरी उत्तम. पण भाकरी म्हणजेही पिष्टमय पदार्थच. "भाकरी चालते" म्हणून तीन-चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. अर्धी भाकरी, एक लहान फुलका आणि अर्धी वाटी शिजलेला भात हे ढोबळमानाने सारखे समजावे. भाताशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नसेल तर अर्धी वाटी भात खुशाल घ्यावा, पण अर्धी भाकरी कमी करावी. बटाटा, रताळे, साबुदाणा यांचाही हिशेब धान्यातच करावा, भाजीत नव्हे.

दुसरी गोष्ट, धान्य एकटे खाऊ नये. सोबत डाळ, उसळ, दही, अंडे आणि पालेभाजी असली की साखर रक्तात हळूहळू चढते. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग भाकरी, असा क्रम ठेवला तर आणखी फायदा होतो. मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, अंबाडी, दोडका, घेवडा, पडवळ या भाज्या पोटभर खाव्यात. आपल्याकडे ताटात भाजी कोपऱ्यात आणि भाकरी मध्यावर असते. या दिवसांत अर्धे ताट भाजीचे असू द्या.

तिसरी गोष्ट, जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली नसेल, तर प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे अंगणात किंवा गच्चीवर सावकाश चालावे. चालताना स्नायू साखर वापरतात. हे बिनपैशाचे औषध आहे.

काय टाळावे?

साखर, गूळ, मध, काकवी, मिठाई, शीतपेये, उसाचा रस, डबाबंद सरबते, बेकरीतले पदार्थ. चहाचा हिशेब एकदा करून पाहा. दिवसाला चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. शिवाय लोहाच्या गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह अंगी कमी लागते. चहा दिवसातून एक-दोन कपांवर आणावा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र बंद करू नयेत. दोन्ही वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात.

आंबा, चिकू, सीताफळ, द्राक्षे आणि केळी यांत साखर जास्त असते. आंब्याच्या दिवसांत मन आवरत नसेल तर अकरा वाजताच्या फळाऐवजी एखादी फोड घ्यावी, जेवणावर आमरस घेऊ नये.

उपासतापास या काळात करू नयेत. उपासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आणि दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी उपास सोडणे तर आणखी वाईट. वटपौर्णिमेची पूजा करावी, पण जेवून करावी.

घरच्यांनी काय करावे?

खरे तर हा परिच्छेद सासूबाई आणि नवरोबांसाठी आहे. पुष्कळ घरांत सून सर्वांच्या शेवटी, तीन वाजता, उरलेसुरले जेवते. वेळेवर जेवण हे या आजाराचे निम्मे औषध आहे आणि ते घरातील माणसांच्या हातात आहे. तिला एक वाजता ताट वाढले पाहिजे. वरण तळाशी राहिले असेल तर तिच्या वाटीत घट्ट वरण आधी वाढावे. शेतात किंवा कामावर जाणाऱ्या बाईच्या डब्यात फुटाण्यांची पुडी असावी.

डोहाळजेवण जरूर करावे. हौस कोणी मोडू नये. पण ओटी भरायला आलेल्या प्रत्येकीने एकेक पेढा तोंडात घातला, तर त्या एका दुपारी किती पेढे होतात ते मोजावे. पेढ्याऐवजी पेरूची फोड भरवली तर ओटी काही कमी भरत नाही.

काही नेहमीच्या शंका

"साखरेऐवजी गूळ चालेल ना?" नाही. गुळात बहुतांश साखरच असते. रक्तात गेल्यावर दोन्हींत फरक राहत नाही.

"कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड घेऊ का?" कारल्याची भाजी खावी. रस, चूर्ण आणि जाहिरातीतील औषधे गरोदरपणी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांच्या भरवशावर तपासणी आणि उपचार थांबवणे तर मुळीच नको.

"सासऱ्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या घरात आहेत, त्यातली घेतली तर?" कधीही नाही. मोठ्या माणसांच्या मधुमेहाच्या कित्येक गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

"इन्सुलिन सुरू झाले की जन्मभर लागते का?" या भीतीने अनेक जणी सुई टाळतात. पथ्य आणि चालणे दोन आठवडे नीट करूनही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली येत नसेल, तर औषध लागते. उपाशीपोटीची साखर ९५ च्या आत असावी. बहुतेक जणींचे आहारावर भागते. काहींना मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन द्यावे लागते. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, म्हणून ते बाळाला सुरक्षित आहे. गरोदरपणातच सुरू झालेला मधुमेह असेल तर बाळंतपणानंतर ते बहुधा बंद होते. इन्सुलिन लागले म्हणजे पथ्य चुकले, असेही नाही. वारेचा जोर जास्त असला की कितीही पथ्य केले तरी ते अपुरे पडते.

इन्सुलिन घेणाऱ्या बाईने जेवण कधीही चुकवू नये. घाम सुटला, हातपाय थरथरले, छातीत धडधडले, डोळ्यांसमोर अंधारी आली तर साखर कमी झाल्याचे समजावे. ताबडतोब तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि थोड्या वेळाने काहीतरी खायला द्यावे. त्या वेळी "तिला गोड बंद आहे" म्हणून थांबू नये.

बाळाची हालचाल कमी वाटणे, सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, चेहऱ्यावर सूज, किंवा उलट्यांमुळे काहीच पोटात न टिकणे, यांपैकी काही झाल्यास सकाळची वाट पाहू नये. त्याच वेळी रुग्णालय गाठावे. बाळंतपणही घरी नको. बाळाची साखर तपासण्याची सोय असेल अशाच ठिकाणी व्हावे.

बाळंतपणानंतर विसरू नये

बाळ झाल्याबरोबर अंगावर पाजायला घ्यावे. त्याने बाळाची साखर सावरते आणि पुढे आईलाही फायदा होतो. वार पडली की आईची साखर बहुधा लवकरच उतरते. मग सगळेच विसरतात आणि तूपसाखरेचा शिरा, डिंकाचे लाडू सुरू होतात. बाळंतिणीला सकस खाणे हवेच. पण खोबरे, खारीक, डिंक, मेथी यांच्या लाडवात गूळ अगदी बेताने घालून तो लहान वळता येतो.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करून घ्यावी. ही मात्र उपाशीपोटी. बाळाला लशीसाठी आणाल तेव्हाच आपलेही रक्त द्यावे. ती ठीक आली तरी दर वर्षी साखर तपासत राहावी. कारण गरोदरपणी ज्यांची साखर वाढते, त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. वजन आटोक्यात ठेवून आणि रोज चालून तो लांबवता येतो, अनेकदा टाळताही येतो. पुढचे मूल हवे असेल तेव्हा आधी साखर तपासून मगच विचार करावा.

चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी या आजाराच्या तपासणीसाठी आपल्या देशात मोठे काम केले. त्यांचा जन्मदिवस १० मार्च हा गरोदरपणातील मधुमेहाविषयी जागृती करण्याचा दिवस म्हणून पाळला जातो.

त्या पहिलटकरणीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. त्या दिवशी मी तिला आणि तिच्या सासूबाईंना समोर बसवले. कागदावर वर दिला तसा दिवसाचा बेत लिहून दिला. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी प्रत्येक वेळेचे खाणे बोटांवर मोजून मला परत म्हणून दाखवले. पुढच्या आठवड्यात लघवीतले कीटोन गेले, महिनाभरात दीड किलो वजन भरून आले आणि साखरही १२० च्या आत राहिली. नऊ महिने भरून मुलगी झाली, दोन किलो नऊशे ग्रॅमची. सहा आठवड्यांनी मी बोलावण्याआधीच सासूबाई सुनेला रक्त तपासायला घेऊन आल्या. तेव्हापासून साखर वाढलेल्या कोणत्याही बाईला मी "बंद" ची यादी सांगण्याआधी विचारतो, "आज सकाळपासून काय खाल्लंत?"